मचाणावरच्या कॅमेऱ्याचा आर्म

मिशिगनमध्ये धनुष्याने हरणाची शिकार करण्याचा हंगाम दरवर्षी १ ऑक्टोबरला उघडतो. माझे शेजारी मोटारीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले सत्तरीचे गृहस्थ आहेत आणि गेली चाळीस वर्षे त्यांनी हा दिवस चुकवलेला नाही. जॅक्सन काउंटीत त्यांच्या भावाचे चाळीस एकरांचे शेत आहे, त्याच्या उत्तरेच्या बांधाला ओकची जुनी झाडे आहेत, आणि त्यांतल्या एका पांढऱ्या ओकवर, जमिनीपासून अठरा फुटांवर, त्यांचे मचाण असते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्यांनी मला विचारले की, माझ्या मागे बसून तू चित्रीकरण करशील का. त्यामागे हौस नव्हती. आदल्या हंगामात त्यांचा बाण एका हरणाला लागला होता, पण नेमका कुठे लागला हे त्यांना वरून कळले नाही. ते अर्ध्या तासात खाली उतरून मागावर गेले, बसलेले हरीण त्यांच्या चाहुलीने उठले आणि पुन्हा पळाले, आणि दोन दिवस शोधूनही ते सापडले नाही. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती.

मी स्वतः शिकार करत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, त्यामुळे माझ्या पिढीच्या कोल्हापूरकराला मचाण ठाऊक असते ते जोंधळ्याच्या रानात पाखरे राखायला बांधलेल्या माळ्यापुरते. इथे मात्र परवाना, टॅग (मारलेल्या जनावराला बांधायची चिठ्ठी) आणि ठरलेल्या वेळा पाळून केलेली शिकार हा घराघरातला रिवाज आहे, आणि शेजाऱ्यांच्या घरी हिवाळाभर हरणाचेच मांस शिजते. बाण चालणारच असेल, तर तो कुठे लागला हे नक्की कळावे आणि जनावराचे हाल होऊ नयेत, एवढे मला पटले. शिवाय माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, त्यांचे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप होते. तिथे मी वाढलो, आणि इथल्या गॅरेजमध्येही मी एक छोटा लेथ आणि एक वेल्डिंग मशीन ठेवले आहे. कॅमेऱ्याचा आधार आपणच करावा असे म्हणूनच ठरले.

मचाणावर तिपाई उभी राहत नाही. पाय ठेवायची फळी जेमतेम दोन-अडीच फुटांची असते आणि तिच्यावर माणसाचे पायच कसेबसे मावतात. कॅमेरा हातात धरावा, तर थंडीत दोन तास अवघडून बसल्यावर हात थरथरतात, आणि हरीण आले की कॅमेरा उचलण्याची हालचाल त्याच्या नजरेत भरते. म्हणून खोडाला घट्ट बसणारे एक बूड, त्यातून निघणारा दोन सांध्यांचा आडवा आर्म आणि त्याच्या टोकाला कॅमेरा ज्यावर बसतो आणि वळतो ते हेड, अशी रचना करावी लागते. असे आर्म बाजारात तयार मिळतात. मी दुकानात एक हाताळून पाहिला, आणि त्याच्या कोपराच्या सांध्यात बोटाला जाणवेल इतका खेळ, म्हणजे ढिलेपणा होता.

शेजाऱ्यांचे मचाण जिथे होते त्याच खोडावर, त्यांच्या मागच्या अंगाला तीन फूट वर, माझे दुसरे मचाण बसणार होते. त्यांनी धनुष्य पूर्ण ताणले की उजवे कोपर कुठपर्यंत मागे येते आणि धनुष्याचे वरचे टोक कुठे जाते, हे आम्ही त्यांच्या अंगणात खुर्चीवर बसून मोजले. त्यावरून आर्मची लांबी ठरली : चाळीस सेंटिमीटरचे दोन भाग, म्हणजे पूर्ण ताणल्यावर ऐंशी सेंटिमीटर. कॅमेरा आणि हेड मिळून दोन किलो होते.

पहिला आर्म मी लोखंडाचा केला, कारण एक इंची चौकोनी पाइप गॅरेजमध्ये पडून होता. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जाडीचा हा पाइप मीटरला सव्वादोन किलो भरतो. सांध्यासाठी मी पाइपाला आरपार भोक पाडून तीन सुती बोल्ट घातला आणि वर नट आवळला. बाकावर तो भक्कम वाटला. शिकंज्यात धरून टोकाला कॅमेरा लावला आणि भिंतीवरच्या एका खुणेवर रोखला, तेव्हा बोटाच्या हलक्या स्पर्शाने ती खूण पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झुलू लागली. मी नट आणखी आवळला, तर आर्म फिरेनासा झाला, आणि ढिला केला, तर डोलू लागला.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी हे आण्णांना दाखवले. मी त्यांना टोकाकडचा हेड दाखवत होतो. ते म्हणाले, "आरं, टोकाला काय बघतोस? बूड बघ आधी. बूड हललं की टोक नाचतंयच." मग त्यांनी बोल्ट काढायला लावला आणि भोकात तो नुसता हलवून दाखवायला सांगितला. भोक बोल्टपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने मोठे होते. पाइपाची उंची पंचवीस मिलिमीटर, म्हणजे बोल्टला धरून ठेवणारी जागा फक्त तेवढीच. पंचवीस मिलिमीटरवरचा अर्ध्या मिलिमीटरचा ढिलेपणा ऐंशी सेंटिमीटरवर सोळा मिलिमीटर होतो. एवढा साधा हिशेब मी आधी मांडला नव्हता, कारण माझे सारे लक्ष पाइप वाकेल का, वेल्डिंग तुटेल का, याच्याकडे होते. खरे तर ताकदीचा प्रश्नच नव्हता. दोन किलोचे ओझे ऐंशी सेंटिमीटरवर धरले, त्यात आर्मचे वजन मिळवले, तरी पंचवीस सेंटिमीटर उंचीच्या बुडाच्या वरच्या टोकाला खोडापासून सुटायला लावणारा ओढा नऊ-दहा किलोंच्या वर जात नाही. दात्यांच्या कळीने आवळायचा साधा रॅचेटचा पट्टा त्याच्या कितीतरी पट सहन करतो. लढाई सगळी सांध्यातल्या खेळाशी होती.

दुसऱ्या आर्मसाठी मी ॲल्युमिनियमचा पाइप आणला. त्याच मापाचा हा पाइप मीटरला पाऊण किलो भरतो. ॲल्युमिनियमला माझ्याकडच्या मशीनवर वेल्डिंग होत नाही, त्यामुळे सांधे वेगळे करून बोल्टने जोडावे लागले, आणि ते एका अर्थी बरेच झाले. बुडाकडच्या सांध्यासाठी मी शंभर मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा गोल तुकडा लेथवर धरून त्याला आरपार बोअर केला, आणि त्याच्या वरच्या व खालच्या तोंडाला एकेक गनमेटलचा बुश, म्हणजे पिन जिच्यात फिरते ती आखूड नळी, दाबून बसवला. त्यात अर्ध्या इंचाची घासून गुळगुळीत केलेली पोलादी पिन घातली. बुश दाबल्यावर त्याचे भोक किंचित आवळते, म्हणून शेवटची सफाई रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने, हाताने केली. पिन तेल न लावता स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरली, तेव्हा मी थांबलो. आता दोन बुशांमध्ये शंभर मिलिमीटरचे अंतर होते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा खेळ उरला आहे असे धरले, तरी टोकाला तो एक मिलिमीटरच्या आत राहतो. कोपराचा सांधाही असाच केला, फक्त उंचीला कमी, पासष्ट मिलिमीटरचा. टोकाच्या पट्टीला तीन सुती, इंचाला सोळा आट्यांचा बोल्ट बसवला, कारण व्हिडिओच्या हेडला खालून तेच आटे असतात. कॅमेऱ्याच्या बुडाला मात्र दोन सुती, इंचाला वीस आटे येतात. या एका दिवसाच्या कामाने मला जितके समाधान दिले तितके पुढच्या कशानेच दिले नाही.

बुडासाठी दोन इंची लोखंडी अँगलचा पंचवीस सेंटिमीटरचा तुकडा घेतला. त्याची उघडी बाजू खोडाकडे ठेवली की दोन्ही कडा सालीवर टेकतात आणि बूड डावी-उजवीकडे डगमगत नाही. वर एक आणि खाली एक असे दोन रॅचेटचे पट्टे त्याला धरतात. खोडात स्क्रू घालायचा विचार मी एकदाही केला नाही. मिशिगनच्या सार्वजनिक जमिनीवर झाडाची साल भेदणारे काहीही अशा कामासाठी वापरणे कायद्याने मना आहे. आमची जमीन खाजगी असली, तरी ऐंशी-शंभर वर्षांच्या ओकला जखम करण्याचे कारण नव्हते, आणि पुढे कधी ते झाड कापायची वेळ आली, तर आत राहिलेला लोखंडाचा तुकडा करवत चालवणाऱ्याच्या जिवावर बेततो.

सप्टेंबरमध्ये आम्ही हे सगळे झाडावर चढवले. अंगभर सुरक्षापट्टे घालून, खोडाच्या वरून खाली सोडलेल्या दोराला प्रुसिकच्या गाठीने (हाताने सरकते, पण ओढ बसली की आवळते) स्वतःला अडकवून, मगच पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा, हा शेजाऱ्यांचा नियम आहे. चढताना हातात काहीही नसते. वर बसून पट्टा खोडाला अडकवला की मग सामान दोरीने ओढून घ्यायचे. कॅमेरा मी गादी असलेल्या पिशवीत ओढून घेतला आणि आर्मला लावण्याआधी त्याची वेगळी सुरक्षादोरी बुडाला बांधली, कारण माझ्या कॅमेऱ्याच्या बरोबर खाली शेजाऱ्यांचे डोके होते.

आर्म ताणून कॅमेरा उजवीकडे फिरवला आणि हात सोडला, तर तो आपोआप डावीकडे वाहत गेला. पुन्हा फिरवला, पुन्हा तसेच. सांध्यात दोष नव्हता. उलट सांधे आता इतके मोकळे आणि नेमके फिरत होते की त्यांनी झाडाचा दोष उघड केला. ते खोड डोळ्यांना सरळ दिसत असले, तरी ओळंबा लावल्यावर तीन अंशांनी कललेले निघाले. तीन अंश कललेल्या पिनेभोवती ऐंशी सेंटिमीटरचा आर्म चढाच्या बाजूकडून उताराच्या बाजूकडे फिरवला, तर कॅमेरा आठ सेंटिमीटर खाली येतो, आणि जड वस्तूला खाली यायची वाट मिळाली की ती येणारच. चित्रातही प्रत्येक वळणाला जमीन तिरकी होत होती. त्या दुपारी मला कळले की झाडावरच्या आधाराचे मर्म पिन उभी, अगदी ओळंब्यात उभी करता येण्यात आहे, कारण ओळंब्यात वाढलेले झाड रानात शोधून सापडणार नाही.

त्यासाठी बुडाचे दोन भाग केले. अँगलवर एक जाड पट्टी वेल्ड केली आणि तिच्यापुढे दुसरी पट्टी वरच्या कडेला बिजागरीने जोडली. खालच्या कडेला एक बोल्ट असा बसवला की तो आत फिरवला, तर पुढची पट्टी खालून बाहेर ढकलली जाते. यातून पुढे-मागे कल मिळाला. डावी-उजवीकडचा कल मिळावा म्हणून पुढच्या पट्टीवर पिनेची बैठक एका मधल्या बोल्टवर फिरती ठेवली आणि तिला चंद्रकोरीसारखी वाकडी खाच पाडली, जिच्यातून दुसरा बोल्ट तिला हव्या त्या ठिकाणी आवळून धरतो. ही खाच ओळीने भोके पाडून मग कानशीने एक करावी लागली, आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या. पिनेच्या माथ्यावर गोल पाणसळ चिकटवली. आता झाड कसेही कललेले असो, दोन बोल्ट फिरवून बुडबुडा मध्यावर आणला की आर्म जिथे सोडावा तिथे उभा राहतो.

आवाजाचे काम मला वाटले होते त्यापेक्षा अवघड निघाले. १ ऑक्टोबरनंतरच्या पहिल्याच आठवड्यात एक मादी वीस पावलांवर आली. मी आर्म फिरवताना माझ्या जाकिटाची चेन पाइपाला घासली आणि रिकामा पाइप घंटेसारखा बारीक वाजला. तिने मान वर केली, पुढचा पाय जमिनीवर आपटला, शेपटीची पांढरी बाजू उभी केली आणि ती नाहीशी झाली. शेजारी काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटले. त्या रात्री मी दोन्ही पाइप फुगणाऱ्या फोमने आतून भरले आणि बाहेरून हॉकीच्या दांड्याला लावतात ती कापडी चिकटपट्टी गुंडाळली. मिशिगनमध्ये ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, ओली झाली तरी सुटत नाही, आणि तिच्यावर नख मारले तरी आवाज होत नाही. रॅचेटच्या पट्ट्याची कटकट हरणे असताना होऊ नये म्हणून बूड हंगामभर झाडावरच ठेवले. रोज फक्त आर्म चढवायचा आणि उतरवायचा.

ऑक्टोबरच्या अखेरीस पारा शून्याखाली गेला आणि सांधे धक्क्याधक्क्याने फिरू लागले. मी पिनेला ग्रीस लावले होते, ते थंडीने घट्ट झाले होते. आधी सुटायला जोर लागे, आणि सुटला की आर्म एकदम पुढे जाई. तेव्हा मला कोल्हापुरात कॉलेजात असताना मित्रांनी मिळून केलेली डॉब्सोनियन, म्हणजे साध्या खोक्यासारख्या डोलाऱ्यावर फिरणारी दुर्बीण आठवली. तिचा डोलारा टेफ्लॉनच्या तुकड्यांवर फिरत असे, कारण टेफ्लॉनला हलायला सुरुवात करताना लागणारा जोर आणि हलत राहताना लागणारा जोर यांत फारसा फरक नसतो, आणि त्यामुळे तारा नजरेतून न निसटता दुर्बीण केसभर सरकवता येते. मी सगळे ग्रीस रॉकेलने पुसून काढले, प्रत्येक सांध्यात वर-खाली टेफ्लॉनचा जाड वॉशर घातला आणि वरच्या नटाखाली एक स्प्रिंग वॉशर टाकला, म्हणजे थंडीने काही आकसले तरी दाब तोच राहावा. त्यानंतर उणे सहा अंशांतही आर्म एका बोटाने, न अडखळता फिरला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सूर्यास्ताला वीस मिनिटे असताना, शिंगांना सहा फाटे असलेला एक नर बांधाच्या कडेने आला. हे त्यांच्या माजाचे दिवस असतात आणि नर दिवसाउजेडीही हिंडतात. मी आर्म हळूहळू त्याच्यामागे नेत होतो. तो अठरा मीटरांवर किंचित तिरका उभा राहिला आणि शेजाऱ्यांनी बाण सोडला. बाण सेकंदाला ऐंशी मीटरच्या आसपास वेगाने जातो, म्हणजे हे सारे पाव सेकंदाच्या आत घडते. बाणाच्या शेपटाशी, तो सुटताच पेटणारा छोटा लाल दिवा असतो, पण डोळ्याला लाल रेघेपलीकडे काही दिसत नाही. हरीण पन्नासेक पावले पळाले, मग पाठ वाकवून चालू लागले आणि झुडपांत दिसेनासे झाले. शेजारी मागे वळून कुजबुजले, "फुप्फुसात लागला. अर्ध्या तासाने उतरू."

मी चित्रण एकेक चौकट करून मागे नेले. सेकंदाला साठ चौकटी होत्या आणि त्यांतल्या चार चौकटींत बाण लागण्याचा क्षण होता. कॅमेरा हलला नव्हता. मागच्या झाडाची साल प्रत्येक चौकटीत त्याच जागी होती, त्यामुळे जी हालचाल दिसत होती ती फक्त हरणाची आणि बाणाची होती. लाल ठिपका खांद्यामागच्या घडीपासून वीतभर मागे, पोटाच्या मधल्या रेषेवर होता. मी पडदा त्यांच्याकडे खाली वळवला. त्यांनी चष्मा वर करून ती चौकट बराच वेळ पाहिली आणि मग अगदी सावकाश म्हणाले, "हे यकृत आहे. कदाचित त्याच्याही मागे. आज रात्री तिकडे जायचे नाही." बाण दोन्ही फुप्फुसांतून गेला, तर हरीण काही क्षणांत पडते आणि अर्धा तास थांबणे पुरते, यकृताला किंवा पोटात लागला, तर ते जवळच जाऊन बसते, आणि त्याला उठवले नाही, तर बसल्या जागीच प्राण सोडते. उठवले, तर जखम घेऊन कोसभर जाते. आदल्या वर्षी हेच झाले होते. आम्ही उलट्या बाजूने उतरलो, शेताला वळसा घालून गाडीकडे गेलो, आणि वाटेत एकही शब्द बोललो नाही. रात्री दंव पडणार होते, त्यामुळे मांस खराब होण्याची भीती नव्हती.

सकाळी उजाडल्यावर आम्ही त्या जागी गेलो. बाण गवतात पडलेला होता आणि त्यावरचे रक्त काळपट लाल होते, फुप्फुसाच्या रक्ताला असतो तसा फेस त्यात नव्हता. शेजारी प्रत्येक डागाजवळ कागदाचा तुकडा ठेवत पुढे जात होते. एकशेदहा पावलांवर, एका पडलेल्या झाडाच्या आडोशाला, तो नर पाय पोटाशी घेऊन बसल्या जागी गतप्राण झाला होता. त्याच्याभोवतीचे गवत दबलेले होते आणि त्यापुढे एकही खूण नव्हती, म्हणजे बसल्यानंतर तो एकदाही उठला नव्हता. शेजाऱ्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर बसून त्याच्या मानेवर हात ठेवला, आणि मग टॅग बांधला.

जानेवारीत बूड उतरवले. सालीवर दोन कडांचे पुसट ओरखडे होते, आत काही गेले नव्हते. पट्टे मात्र उन्हाने फिकट आणि कडक झाले होते, ते मी कापून टाकले, आणि दर हंगामाला नवे पट्टे घ्यायचे ठरवले. यंदा दुसऱ्या एका ओकसाठी दुसरे बूड करतो आहे, म्हणजे वारा फिरला की आर्म उचलून तिकडे नेता येईल. परवा आण्णांना त्याची पट्टी दाखवली. त्यांनी कॅमेरा जवळ आणायला सांगून वाकडी खाच नीट पाहिली आणि म्हणाले, "खाचंची आतली कड अजून खरबरीत हाय. बारीक कानस मार, मग रंग दे."